बीजाणू उकळून मरत नाहीत, मग करायचं काय? जखम, पातेलं, बरणी आणि अँटिबायोटिक

धनुर्वाताचा जिवाणू मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसूच आलं होतं, अगदी ढोलाचं टिपरू! बारीक जांभळी काडी आणि टोकाला फुगलेला गोळा, त्या गोळ्याने रंगच घेतलेला नाही, आतून पांढरा स्वच्छ आणि कडेला फक्त जांभळी रेघ. शिकवणारे सर म्हणाले, हसू नकोस, तो पांढरा गोळा म्हणजेच सगळा प्रॉब्लेम आहे. तो बीजाणू. पुढे बरीच वर्षं लॅबमध्ये काढली आणि सरांचं म्हणणं पटत गेलं, कारण लोक जिवाणू मारायच्या मागे असतात आणि हा गोळा मरायला तयारच नसतो.

तर आधी तो गोळा म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते आपोआप कळेल. जिवाणूला खायला मिळेनासं झालं, परिस्थिती बिघडली की हे लोक आपल्या डीएनएची एक कॉपी पॅक करतात, आतलं पाणी जवळजवळ काढून टाकतात, त्याजागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक अ‍ॅसिड भरतात, वरून जाड आवरणांचे थर चढवतात आणि झोपून जातात. श्वास नाही, खाणं नाही, वाढ नाही. मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं पडून राहतात. शंभर अंशाला उकळलं तरी यातले बरेच जण टिकतात, सॅनिटायझर लावलं तर त्यांना पत्ताही लागत नाही. खात्रीने मारायचे तर ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस आणि किमान १५ मिनिटं. १८७७ मध्ये टिंडॉल नावाच्या शास्त्रज्ञाने एक डोकेबाज पद्धत काढली होती, आज उकळा, एक दिवस ठेवा म्हणजे बीजाणू जागे होतील, मग परत उकळा, असं तीन दिवस. आयडिया भारी आहे पण घरी बरण्या भरायला ही वापरू नका प्लीज, सगळे बीजाणू तुमच्या टाइमटेबलप्रमाणे उठतात असं काही नाही.

आता यांचा दुसरा स्वभाव. धनुर्वाताचा जिवाणू ज्या घराण्यातला त्या क्लॉस्ट्रिडियम मंडळींना ऑक्सिजन सोसत नाही, हवेत ते वाढूच शकत नाहीत. म्हणजे बीजाणू सगळीकडे आहेत, तुमच्या चपलेला पण आहेत, पण नुसते असून काही होत नाही. त्याला जागं व्हायला हवा नसलेली जागा, ऊब, ओल आणि वेळ एवढं सगळं एकत्र लागतं. खाली जे जे सांगतोय ते सगळं यातलं एखादं काढून घेण्यासाठी आहे, बास. (अँथ्रॅक्सचा जिवाणू पण बीजाणू करतो म्हणून लोक त्यालाही यात धरतात, पण तो हवेत मजेत वाढतो, त्याचं घराणं वेगळं.)

जखम झाली तर

सुरुवात इथून कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पहिला म्हणजे गंज. गंजाने धनुर्वात होत नाही हो! गंजका खिळा बहुतेक मातीत पडलेला असतो म्हणून त्याच्यावर बीजाणू असतात, आणि खिळ्याची जखम अरुंद आणि खोल असते, वरचं तोंड मिटून जातं, आत हवा पोचत नाही. चकचकीत नवीन सुई असली आणि तिला माती लागलेली असली तरी धोका तोच. म्हणून किती रक्त आलं याच्याकडे बघू नका, जखम किती खोल आहे, आत माती, शेण, काडीकचरा गेलाय का, मांस चेचलंय का ते बघा. भाजलेल्या जखमा आणि चावलेल्या जखमा पण याच यादीत.

करायचं काय, तर वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणाने नीट धुवा, पाच दहा मिनिटं लागली तरी लागू देत. आत दिसणारा कचरा निघत असेल तर काढा, खोल रुतलेलं काही असेल तर ओढू नका, डॉक्टरांवर सोडा. हळद, चुना, राख, माती, टूथपेस्ट यातलं काहीही भरू नका, कारण भोक बुजवलं की आपणच त्याला हवाबंद खोली बांधून दिली. खोल घाण जखम डॉक्टर कधीकधी मुद्दाम टाके न घालता उघडी ठेवतात, तेव्हा "टाके का नाही घातले" म्हणून भांडू नका, त्यामागे हेच कारण असतं. मेलेलं मांस कापून काढतात तेही याचसाठी, मेलेल्या मांसाला रक्तपुरवठा नाही म्हणजे तिथे ऑक्सिजन नाही.

मग इंजेक्शन. ज्याला आपण सगळे सरसकट टीटी म्हणतो त्याच्या जागी आता टीडी वापरा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात घटसर्पाचाही डोस असतो. हिशोब साधारण असा बसतो: लहानपणचे सगळे डोस झालेत आणि जखम छोटी, स्वच्छ आहे तर शेवटच्या डोसला दहा वर्षं होऊन गेली असतील तरच बूस्टर. जखम घाण किंवा खोल असेल तर पाच वर्षं. आणि आधी किती डोस झाले ते माहीतच नाही किंवा तीनपेक्षा कमी झालेत, शिवाय जखम घाण, तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शन पण लागतं, सहसा २५० युनिट, दुसऱ्या जागी. का, तर लस शरीराला शिकवते आणि शिकायला वेळ लागतो, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी, लगेच कामाला. दर सहा महिन्यांनी टीटी घ्यायचं हे खूळ सोडा, उगाच दंड सुजतो. आणि "२४ तास होऊन गेले, आता काय उपयोग" हे पण सोडा, लवकर घेतलेलं चांगलं हे खरंच, पण हा आजार दिसायला साधारण ३ ते २१ दिवस लागतात, त्यामुळे उशिरा घेतलेलं न घेतलेल्यापेक्षा केव्हाही बरं.

हे सगळं का, तर जिवाणू जखमेतच बसून राहतो पण त्याचं विष नसेतून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथे स्नायूंना "आता सैल हो" म्हणणारे सिग्नल असतात, ते हे विष अडवतं. मग स्नायू आवळले की आवळलेलेच. सुरुवात बहुतेक जबड्यापासून, तोंड उघडेना, गिळताना त्रास, मान ताठ, मग पाठ धनुष्यासारखी वाकते, मराठी नाव किती चपखल आहे बघा. नुसता दार आपटल्याचा आवाज झाला तरी झटका येतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. कितासातोने १८८९ मध्ये हा जिवाणू वेगळा काढला, आणि पुढच्याच वर्षी बेरिंग आणि कितासातोने दाखवलं की रक्तातल्या अँटिटॉक्सिनने विष निकामी होतं. एक गोष्ट लोकांना पटतच नाही, धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसाला पण लस घ्यावीच लागते, कारण जीव घ्यायला इतकं कमी विष पुरतं की तेवढ्याने शरीराची इम्युनिटी जागीच होत नाही.

जखमेतलाच दुसरा पाहुणा म्हणजे याच घराण्यातला परफ्रिंजेन्स, गॅस गँगरीनवाला, म्हणजे मांस सडवून आत गॅस करणारा. पहिल्या महायुद्धात फ्रान्स बेल्जियमच्या शेणखत घातलेल्या शेतांत खंदक खणले होते, त्या मातीत लडबडलेल्या जखमांमध्ये याने थैमान घातलं. ओळखायचा कसा? मोठ्या चेचलेल्या जखमेनंतर काही तासांत ते दोनतीन दिवसांत दुखणं असं वाढतं की बाहेरून दिसणाऱ्या जखमेशी त्याचा मेळच बसत नाही. सूज भराभर पसरते, कातडी आधी पांढुरकी मग तांबूस काळपट, घाण वासाचं पाणी असलेले फोड, आणि दाबलं की बोटाखाली कुरकुर लागते कारण आत गॅस झालेला असतो. एवढी सगळी लक्षणं जमायची वाट बघू नका, त्या वेड्यासारख्या दुखण्यावरच निघा, सरळ ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलला. नुसत्या गोळ्यांनी हे आवरत नाही, मेलेलं मांस काढावंच लागतं.

याची गॅस करायची ताकद किती ते मी डोळ्यांनी बघितलंय. लिटमस घातलेल्या दुधाच्या नळीत हा जिवाणू घालून ३७ अंशाला ठेवायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळी नळी ठेवून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर दुधाचं दही झालेलं आणि ते दही गॅसने आतून फाटून चिंध्या झालेलं, वरचा कापसाचा बोळा ढकलून निघायच्या बेतात. एका रात्रीत. हेच मांडीच्या स्नायूत होतं असं डोळ्यांसमोर आणा.

मोठं पातेलं

आता गंमत बघा, हाच परफ्रिंजेन्स पोटात गेला की प्रकरण बरंच सौम्य असतं, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, लॅबवाला असून. घरी बरीच माणसं होती, मांसाच्या रश्श्याचं मोठं पातेलं उरलं, रात्री झाकण ठेवून तसंच गॅसवर सोडलं, सकाळी जरा कोमट केलं आणि दुपारी सगळ्यांनी खाल्लं. रात्री दहाच्या सुमारास एकेकाच्या पोटात पीळ पडायला लागला, जुलाब, उलटी मात्र कुणाला नाही, ताप नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे ठीक. नमुना काही कुणी तपासला नाही, पण खाल्ल्यापासून ८ ते १६ तास, पोटात पेटके, जुलाब, उलटी ताप जवळपास नाही आणि २४ तासांत आवरलं, हे पुस्तकातलं चित्र मी स्वतःच्या बाथरूमच्या रांगेत उभं राहून अनुभवलं.

झालं काय असणार? शिजवताना अन्नातला ऑक्सिजन उडून जातो, स्पर्धेतले साधे जिवाणू मरतात, बीजाणू वाचतात, वर त्या उष्णतेनेच ते जागे होतात. मग पातेलं हळूहळू गार होताना मधला भाग तासन्‌तास ४०-४५ अंशाला राहतो आणि तेच याचं सगळ्यात आवडतं तापमान. तिथे हा साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. करा हिशोब, तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांवर.

म्हणून पातेलं गार करायची पण पद्धत असते. उरलेलं लगेच पसरट भांड्यांत काढा, थर दोन इंचांच्या वर नको, मांसाचे मोठे तुकडे असतील तर लहान करा. घट्ट सूप, रस्सा असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. टार्गेट असं की साधारण ६० अंशावरून २१ अंशावर दोन तासांत यायला हवं आणि तिथून पुढच्या चार तासांत ५ अंशापर्यंत. "गरम फ्रिजमध्ये ठेवू नये" हे अख्ख्या पातेल्यासाठी बरोबर आहे कारण त्याने फ्रिज तापतो आणि पातेल्याचा मध्य काही गार होत नाही, लहान पसरट भांडं थोडं कोमट असताना आत ठेवायला काही हरकत नाही. आणि परत गरम करताना कोमट करून थांबायचं नाही, मधोमध ७४ अंश, म्हणजे खळखळून वाफ यायला हवी. इथे गरम करण्याचा खरंच उपयोग होतो कारण या जिवाणूचं विष अन्नात नाही, तो पोटात गेल्यावर आतड्यात बीजाणू करताना सोडतो, म्हणून आधीच मारला तर वाचलो. स्टॅफिलोकॉकस नावाच्या दुसऱ्या जिवाणूचं तसं नसतं, त्याचं विष अन्नातच तयार असतं आणि उकळून जात नाही, त्यामुळे "गरम केलं की सगळं चालतं" हा नियम करून टाकू नका.

जुलाब झालेच तर पाणी आणि ओआरएस, बाकी काही लागत नाही. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, माणूस म्हातारा किंवा बाळ असेल तर मात्र डॉक्टर.

हवाबंद बरणी

इथे मी गंमत करणार नाही. या घराण्यातला तिसरा जिवाणू बोट्युलिनम, त्याच्या विषबाधेला बोट्युलिझम म्हणतात. त्याचं विष हे माहीत असलेल्या विषांमधलं सगळ्यात जहाल, माणसाला मारायला लागणारं प्रमाण किलोमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात. नाव आलंय लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून, कारण जर्मनीत केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या दशकात सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला होता. जिवाणू सापडला तो १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलेझेल गावात, अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं आणि त्यातले काही दगावले, तेव्हा व्हॅन एर्मेंगेमने तो त्या हॅममधून काढला.

घरी काहीही डबाबंद करत असाल तर पहिला प्रश्न आंबटपणाचा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, तो ४.६ च्या खाली असला की हा जिवाणू वाढत नाही, म्हणून व्हिनेगरमधल्या, आंबट फळांच्या बरण्या तुलनेने सेफ. भाज्या, कडधान्यं, मांस, मासे, मशरूम हे आंबट नाही, ते हवाबंद करायचं तर प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं खास भांडं, आणि त्याच्या पुस्तिकेतला वेळ, दोन्ही हवंच. उकळत्या पाण्यात बरणी बुडवून चालणार नाही, आणि रोजच्या कुकरमध्ये शिट्ट्या मोजून तर अजिबात नाही, शिट्टीवरून आतल्या बरणीच्या मध्याचं तापमान कळत नाही.

तेलात बुडवलेली लसूण हा लोकांच्या लक्षात न येणारा प्रकार. लसूण मातीतून येते, आंबट नाही, आणि तेलाने हवा तोडून टाकली. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणीने ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. घरी करायचीच तर थोडी करा, लगेच फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवा. फ्रिजवर फार विसंबू पण नका, या जिवाणूचा ई नावाचा प्रकार ३ अंशालाही हळूहळू वाढतो.

फुगलेला डबा, उघडताना फुस्सकन उडणारं पाणी, विचित्र वास, यातलं काही असेल तर फेका, चव घेऊन बघू नका, चमचाभर चाखल्याने पण माणसं गेलेली आहेत. पण डबा फुगला नाही म्हणजे चांगला असं उलटं धरू नका. बीजाणू चिवट असला तरी विष मात्र उष्णतेने मोडतं, म्हणून घरी बंद केलेलं बिनआंबट अन्न खायच्या आधी दहा मिनिटं खळखळ उकळा, उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला एक मिनिट जास्त. हा जादा विमा आहे, संशय आलेली बरणी वाचवायचा जुगाड नाही.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. एक थेंबही नाही. मधात बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात आधीच गर्दी असते म्हणून तिथे ते रुजत नाहीत, बाळाचं आतडं मोकळं असतं, तिथे रुजून विष करतात. हा प्रकार डॉक्टरांच्या लक्षात आला तोच १९७६ मध्ये, त्यामुळे "आम्ही तुम्हाला चाटवला होता, काय झालं" म्हणणाऱ्या आज्जीची चूक नाही, पण ऐकायचं नाही. बाळाला शी होत नाही, ओढून पीत नाही, रडणं क्षीण, मान टाकतंय असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

मोठ्यांत बहुतेक १२ ते ३६ तासांत सुरू होतं आणि वरून खाली येतं: दोन दोन दिसणं, पापण्या पडणं, तोंड कोरडं, बोलणं जड, मग हात, छाती, पाय. ताप नाही, डोकं ताळ्यावर. दारू प्यायलाय किंवा स्ट्रोक आहे असं समजून वेळ जातो, म्हणून हॉस्पिटलमध्ये काय खाल्लं ते आधी सांगा आणि ती बरणी पिशवीत घालून सोबत न्या. अँटिटॉक्सिन पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं उलटवत नाही, त्यामुळे तासांना किंमत आहे. मला यातली सगळ्यात अजब गोष्ट वाटते ती ही की धनुर्वाताचं विष आणि हे विष कात्री म्हणून जवळपास सारखंच, दोघं नसांमधली एकाच गटातली प्रोटीन्स कापतात, फक्त एक मज्जारज्जूत जाऊन कापतं म्हणून माणूस ताठतो आणि दुसरं नस आणि स्नायूच्या सांध्यावर कापतं म्हणून माणूस लुळा पडतो. आणि हेच विष कणभर घेऊन १९८९ पासून अमेरिकेत तिरळेपणावर औषध म्हणून मंजूर आहे, सुरकुत्यांचं बोटॉक्स नंतर आलं.

(जनावरांतही हे घराणं आहे, गाईगुरांचा फऱ्या, मेंढ्यांचा आंत्रविषार, त्यांच्या लशी आहेत, पशुवैद्याला विचारा.)

अँटिबायोटिकनंतरचे जुलाब

या मंडळींतला चौथा जिवाणू म्हणजे सी. डिफ, पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. २०१६ पासून त्याचं आडनाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस झालंय पण सगळे जुन्याच नावाने हाक मारतात. १९३५ मध्ये हा नवजात बाळांच्या शीमध्ये सापडला होता, निरुपद्रवी समजून सोडून दिला, १९७८ मध्ये कळलं की अँटिबायोटिकनंतर आतड्याला होणाऱ्या भयंकर सुजेमागे हाच आहे. अँटिबायोटिकने आतड्यातली चांगली वस्ती उठते आणि रिकाम्या जागेत हा घुसतो. म्हणून सर्दीपडशाला उरलेल्या गोळ्या घेऊ नका, आणि कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर दोनतीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब झाले तर डॉक्टरला आधी अँटिबायोटिकचं नाव सांगा. जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, विष आतच अडकतं.

घरात पेशंट असेल तर सॅनिटायझर बाजूला ठेवा, अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, चोळून चोळून, साबणाने पण ते मरत नाहीतच पण वाहून जातात. जमलं तर संडास वेगळा ठेवा, फ्लश करायच्या आधी झाकण पाडा. कडी, नळ, सीट पुसायला ५ टक्केवालं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे ५००० पीपीएम, आधी घाण पुसून घ्या मग हे लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, लगेच पुसलं तर फुकट. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

साधारण पाचात एकाला हे परत उलटतं, बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत, तेव्हा जुलाब परत सुरू झाले तर परत जा. पण जुलाब थांबलेत, माणूस जेवतोय खातोय, तर "एकदा खात्री करून घेऊ" म्हणून शीची टेस्ट करायला धावू नका. बरं झाल्यावरही ती टेस्ट कितीतरी आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले नातेवाईक आमच्या खिडकीशी बऱ्याचदा यायचे, आणि आम्ही त्यांना एकच विचारायचो, जुलाब होतायत का? नाही ना, मग घरी जा.